केंबळी घराची भरपाई आणि विमा: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

वैशाख सरता सरता आमच्या केंबळी, म्हणजे गवताच्या छपराच्या घराची शाकारणी होते. जुनं काळवंडलेलं गवत उतरवायचं, कुजलेले चिवे (बारीक बांबू) बदलायचे आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत नव्या गवताचे थर सुंभाने आवळत न्यायचे. चार माणसांचं आठवडाभराचं काम. इतक्या निगुतीने राखलेलं घर वादळात किंवा आगीत गेलं, तर हाती काय येईल ते पंचनाम्यातला एक शब्द ठरवतो. म्हणून हे सगळं पावसाळ्याआधी वाचा.

आधी सरकारी मदत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये आहेत. यात पक्कं-कच्चं असा भेद नाही. कच्च्या घराची निदान १५ टक्के पडझड झाली असेल तर ४,००० रुपये. आणि झोपडीला? ८,०००.

खरी अडचण इथेच आहे. त्याच निकषांत झोपडीची व्याख्या दिली आहे: कच्च्या घरापेक्षा हलकं, गवत, माती, प्लास्टिक वगैरेंचं तात्पुरतं बांधकाम. गवत दिसलं की पंचनामा करणारा सहज ‘झोपडी’ लिहून मोकळा होतो, आणि दगडी जोत्यावर उभं असलेलं, ओटी-माजघर-पडवीचं पिढीजात घर ८,००० रुपयांवर येतं. व्याख्येतला ‘तात्पुरतं’ हा शब्द मात्र आपल्या बाजूचा आहे. जोतं, लाकडी खांब, वर्षानुवर्षं भरलेली घरपट्टी या तात्पुरत्या निवाऱ्याच्या खुणा नव्हेत, हे पंचनाम्याच्या वेळीच ठामपणे सांगा आणि ‘कच्चे घर’ अशीच नोंद करून घ्या. सही करण्याआधी मजकूर वाचा, प्रत मागा.

ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा, काढून ठेवाच, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. घरपट्टीच्या आकारणीत ‘झोपडी किंवा मातीची इमारत’ असा एकत्र वर्ग आहे, त्यामुळे तो उतारा उलट आपल्याच अंगावर येऊ शकतो. त्याच्या जोडीला ग्रामपंचायतीचा वेगळा दाखला घ्या: घराचं क्षेत्रफळ, जोतं-भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, किती वर्षांपासून वस्ती आहे. हा एक कागद मी सगळ्यात मोलाचा मानतो.

बाकी लागतं ते असं: चालू घरपट्टीची पावती, जागेचा सातबारा किंवा गावठाणातलं मालमत्ता पत्रक, आधार, आधारला जोडलेलं बँक खातं, आणि घराचे चारही बाजूंचे व आतले फोटो, नुकसानीआधीचे आणि नंतरचे. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारस नोंद आधी करा. कोकणातल्या सामाईक घरांचे पैसे इथेच अडकतात. पडझड झाली की त्याच दिवशी तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला कळवा, तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आग हीसुद्धा या निधीत बसणारी आपत्ती आहे. तेव्हा पोलिसांकडची नोंद आणि अग्निशमन दल आलं असेल तर त्यांचा अहवाल जोडा.

आता विमा. १ एप्रिल २०२१ पासून आगीचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची पॉलिसी असते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड हे सगळं तिच्यात येतं. घराचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं. पण विम्याच्या भाषेत गवताचं छप्पर म्हणजे कच्चं बांधकाम. मी एका कंपनीच्या ऑनलाइन अर्जात ‘कच्चे’ निवडलं, तर अर्ज पुढे सरकेचना. एजंट म्हणाला, “पक्कं टाका, कोण बघतंय?” असं मुळीच करू नका. दावा आला की सर्वेक्षक घरी येतो, आणि चुकीच्या माहितीवर घेतलेली पॉलिसी नेमकी तेव्हाच हातातून जाते.

त्याऐवजी शाखेत लेखी प्रस्ताव द्या. सोबत ग्रामपंचायतीचा दाखला, फोटो, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आणि परवानाधारक वायरमनचं प्रमाणपत्र लावा. वायर उघडी वाशांवरून नेलेली नसावी, पाइपातून असावी. चूल छपराखालून दूर आहे, हेही फोटोत दिसू द्या. शाकारणीची मजुरी आणि गवताचा खर्च दर वर्षी साध्या पावतीवर लिहून सही घ्या, कारण या कामाचे दर सरकारी दरसूचीत शोधत बसावं लागतं. जास्तीचा हप्ता मागितला तर तो किती आणि कशासाठी, हे लेखी घ्या. घराला नकारच आला तर नुसत्या सामानाचा विमा मागा, ही पॉलिसी तशीही घेता येते. मुंबईकर चाकरमान्यांनी बंद घरासंबंधीची अट आधी वाचावी.

दावा नाकारला तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. महाराष्ट्रासाठी मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. पॉलिसी द्यायलाच नकार मिळाला असेल तर लोकपालांचा उपयोग होत नाही. हप्ता भरूनही पॉलिसी दिली नसेल तर मात्र होतो. तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.