डेटाबेस बदलताना तुटणारी नाती : पार्श्वभूमी

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन किंवा तूर आली की अडतीवर एका शेतकऱ्याच्या नावामागे आवक, लिलावातला भाव, हमाली-तोलाई आणि हिशोबपट्टी अशा नोंदी एकीला एक जोडल्या जातात. हा हिशेब वेब ॲप्लिकेशनमध्ये ठेवलेला असेल आणि एखाद्या अडतीचे सगळे खाते दुसऱ्या डेटाबेसमध्ये न्यायचे ठरले, तर नोंदी नेणे सोपे जाते, पण त्यांची आपसातली सांगड शाबूत ठेवताना कस लागतो.

१९६० च्या दशकातील डेटाबेसमध्ये, उदाहरणार्थ चार्ल्स बाकमन यांच्या आयडीएस प्रणालीत, एक नोंद दुसरीकडे साठवणुकीतल्या दुव्याने बोट दाखवत असे. आयबीएममधील एडगर कॉड यांनी जून १९७० च्या लेखात हे दुवे काढून टाकले आणि नाते केवळ मूल्यांतून सांगावे, असे मांडले. 'फॉरेन की', म्हणजे एका नोंदीत ठेवलेली दुसऱ्या नोंदीची ओळख, ही संज्ञाही त्याच लेखातली. दुवा म्हणजे साठवणुकीतला पत्ता, तो त्या यंत्रापुरताच खरा असतो, मूल्य मात्र कोठेही नेता येते, म्हणून नक्कल करण्याच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होता.

तो दिलासा पुढे बराचसा वाया गेला, असे माझे मत आहे. १९९५ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीमुळे आपोआप वाढणारा क्रमांक घरोघरी पोहोचला, आणि रेल्स (२००४) व जँगो (२००५) या वेब ॲप्लिकेशन बांधण्याच्या चौकटींनी प्रत्येक तक्त्याला असा क्रमांक देण्याचा प्रघातच पाडला. हा क्रमांक दिसतो मूल्यासारखा, पण त्याला अर्थ असतो तो एकाच डेटाबेसच्या आत. जुन्या डेटाबेसमधला शेतकरी ४१२ औशाचा आणि नव्यातला ४१२ उदगीरचा असेल, तर शेतकऱ्याची नोंद जशीच्या तशी घालताना क्रमांक दुबार ठरून ती नाकारली जाते, आणि हे बरेच म्हणायचे. खरा धोका शेतकऱ्याला नवा क्रमांक देऊन हिशोबपट्टीतला जुना तसाच ठेवण्यात आहे : उदगीरचा ४१२ अस्तित्वात असल्यामुळे फॉरेन कीची तपासणी बिनतक्रार पार पडते आणि औशाच्या माणसाचे पैसे दुसऱ्याच्या नावे लागतात.

म्हणून आधी मूळ नोंद घालावी, मिळालेला नवा क्रमांक जुन्यासमोर टिपून ठेवावा आणि तोच अवलंबून असलेल्या नोंदींत भरावा, हे सगळे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे एकदम पार पडेल नाहीतर काहीच होणार नाही अशा रीतीने, करावे, अशी पद्धत रूढ झाली. नाती एकमेकांत गुंतलेली असतील, तर डेटाबेसशी बोलण्याच्या एसक्यूएल या भाषेच्या १९९२ च्या मानकाने तपासणी ट्रान्झॅक्शनच्या अखेरपर्यंत पुढे ढकलण्याची सोय दिली. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत ती वापरता येते.

जँगोने २०१० मध्ये 'नॅचरल की' आणली, म्हणजे क्रमांकाऐवजी नाव-गावासारख्या खऱ्या माहितीवरून नोंद ओळखायची. मराठवाड्यात ती जपूनच वापरावी लागते. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. जिल्ह्याच्या नावावर बेतलेली ओळख अशा वेळी जुन्या-नव्या डेटाबेसमध्ये जुळत नाही. १२८ बिटांच्या यूयूआयडीला, म्हणजे कोणत्याही डेटाबेसवर अवलंबून नसलेल्या लांबलचक ओळख-क्रमांकाला, ज्याचे आरएफसी ४१२२ हे मानक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, हा बदल बाधत नाही आणि दोन डेटाबेसमध्ये तो एकच निघण्याची शक्यताही नगण्य असते.