बेळगावच्या रेल्वेचा खर्च कोणी उचलला?

बेळगाव ते कोल्हापूर हमरस्त्याने सुमारे ११० किलोमीटर. रेल्वेने जायचे तर आधी १३८ किलोमीटर कापून मिरज गाठायचे आणि तिथून कोल्हापूरसाठी आणखी ४७. संकेश्वर, निपाणी, कागल या वाटेत येतच नाहीत. निपाणी-संकेश्वरमार्गे थेट लोहमार्ग व्हावा ही मागणी जुनी आहे, पाहण्याही झाल्या आहेत. ती पुन्हा निघाली की ठरलेला वाद सुरू होतो: पैसा कोण देणार, आणि रेल्वे चालवणाऱ्यांत आपला माणूस कोण? सीमाभागात या वादाला भाषेचीही धार येते, पण त्याचे मूळ भाषावार प्रांतरचनेपेक्षा बरेच जुने आहे.

१८७६-७८ च्या दुष्काळात हा सगळा मुलूख होरपळला. धान्य होते तिथून नव्हते तिथे नेण्याची सोय नव्हती, म्हणून १८८० च्या दुष्काळ आयोगाने रेल्वे वाढवण्यावर भर दिला. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली ती याच हवेत. कंपनी खासगी आणि भांडवल विलायतेतले, पण त्यावरच्या व्याजाची हमी सरकारची. गाडी तोट्यात गेली तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा, म्हणजे शेवटी रयतेने. खासगी रेल्वे म्हटले की लोकांना वाटते सरकारचा त्यात पैसा नसतो. आपल्याकडची पहिली खासगी रेल्वे तरी तशी नव्हती.

कंपनीचा लोंढा-बेळगाव-मिरज-पुणे हा मीटर गेज (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला) मार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाला. लोंढ्याहून एक फाटा कॅसलरॉकला गेला, तिथे गोव्यातल्या मुरगाव बंदरातून येणारी पोर्तुगिजांची रेल्वे मिळाली. बंदरापर्यंत माल पोचवणे हा मोठा हेतू होता, प्रवासी त्याबरोबर आले. तंबाखूची पेठ असलेली निपाणी बाजूला राहिली. कोल्हापूरला रेल्वे हवी होती, तर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने ती मिरजेपर्यंत बांधली आणि १८९१ मध्ये सुरू केली. मुख्य मार्ग मिरजेत होता, त्यामुळे संस्थानाच्या दृष्टीने हाच शहाणपणाचा रस्ता होता. पण त्या दिवसापासून बेळगाव आणि कोल्हापूर यांच्यामध्ये मिरज आली ती आजतागायत.

रेल्वे कंपन्यांनी चालवावी की सरकारने, हा वाद पहिल्या महायुद्धानंतर पेटला. त्यावर नेमलेल्या अ‍ॅकवर्थ समितीने १९२१ साली सरकारी व्यवस्थापनाच्या बाजूने कौल दिला, आणि रेल्वेचा हिशेब सर्वसाधारण अंदाजपत्रकातून वेगळा काढा असेही सांगितले. १९२४ पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प आला तो यामुळे. आपली रेल्वे मात्र १९४४ पर्यंत कंपनीच्याच हाती होती.

बेळगावच्या गाड्यांचे निर्णय कुठे होतात याचा माग काढला की थोडी गंमत वाटते. सदर्न मराठाची मुख्य कचेरी धारवाडात होती. आज त्या इमारतीत कर्नाटक कॉलेज आहे. १९०८ साली मद्रास रेल्वेशी विलीनीकरण झाले आणि कारभार मद्रासला गेला. १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे झाली, तेव्हाही मद्रासच. १९६६ मध्ये बेळगाव ज्यात येते तो हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि मुख्यालय सिकंदराबादला. शेवटी १ एप्रिल २००३ रोजी नैर्ऋत्य रेल्वे सुरू झाली, हुबळीला. तीही मुख्यालय बंगळूरला असावे की हुबळीला यावर बराच तंटा होऊन. मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे. म्हणजे बेळगावची गाडी उत्तरेला निघाली की मिरजेत झोन, म्हणजे स्वतंत्र मुख्यालयाखालचा प्रदेश, बदलतो, आणि पुण्या-मुंबईकडे एक गाडी वाढवायची तर दोन मुख्यालयांचे जमावे लागते.

गेजचा काळ जुन्या बेळगावकरांना वेगळा सांगायला नको. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला, मुंबई-कोल्हापूर महालक्ष्मी एक्सप्रेस धावू लागली. मिरजेच्या दक्षिणेला मात्र मीटर गेजच. मुंबईहून येणाऱ्याने मिरजेत उतरायचे, सामान उचलायचे आणि लहान गाडीत जागा शोधायची, असे दोन दशकांहून अधिक काळ चालले. १९९२ मध्ये एकाच गेजचे धोरण आले. रेल्वेमंत्री तेव्हा कर्नाटकचे सी. के. जाफर शरीफ होते, आणि त्यांच्या राज्यातल्या मीटर गेजला त्याचा भरपूर लाभ झाला. लोंढा-मिरज मार्ग नव्वदच्या दशकात बदलला. मंत्री आपल्या राज्याचा असला की काय होते, हे बेळगावने तेव्हा पाहिले. पण त्या बदलाने मुंबईचाही रस्ता मोकळा झाला, हेही लक्षात ठेवलेले बरे.

दुसरा अनुभव ताजा आहे. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी २०१९ च्या मे महिन्यात रेल्वे राज्यमंत्री झाले आणि महिन्याभरात बेळगाव-बंगळूर थेट गाडी सुटली. कित्तूरमार्गे बेळगाव-धारवाड हा ७३ किलोमीटरचा नवा मार्गही त्यांच्याच प्रयत्नांतून मंजूर झाला. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले. एका माणसाच्या पाठपुराव्यावर उभी राहिलेली कामे तो गेल्यावर कशी रेंगाळतात, ते त्यानंतर दिसले.

दरम्यान पैशाची रीत बदलली होती. नवा मार्ग हवा तर राज्याने निम्मा खर्च उचलावा, असे रेल्वे सांगू लागली. कर्नाटकने ही वाट लवकर धरली. २०१० च्या सुमारास मंजूर झालेला बागलकोट-कुडची हा १४२ किलोमीटरचा मार्ग निम्म्या वाट्यावर आणि राज्याने फुकट दिलेल्या जमिनीवर उभा राहायचा आहे. इतकी वर्षे झाली तरी तो कुडचीला पोचलेला नाही. धारवाड मार्गालाही हीच अट. महाराष्ट्रही निम्मा वाटा देतो, अहिल्यानगर-बीड-परळीला दिलाच. पण राज्य पैसा घालते ते आपल्या हद्दीत आणि आपल्या राजधानीच्या दिशेने. त्यात गैर काही नाही, तिजोरी ज्याची त्याचा तो हक्क. सीमाभागातल्या माणसाची अडचण एवढीच की त्याची सोयरीक, दवाखाना, मुलांचे कॉलेज आणि नोकरी बऱ्याचदा हद्दीपलीकडे असते.

तिकिटाच्या पैशातून हे सारे होणार नाही. प्रवाशांच्या वाहतुकीचा तोटा रेल्वे मालवाहतुकीतून भरून काढते, आणि भाडेवाढीला हात लावणे मंत्र्याला परवडत नाही. २०१२ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी ती मांडली आणि त्यांच्याच पक्षाने त्यांना घरी पाठवले. २०१७ पासून वेगळा रेल्वे अर्थसंकल्पही राहिला नाही. पूर्वी त्या भाषणात आपल्या गावाचे नाव येते का हे रेडिओला कान लावून ऐकले जाई. आता नाव शोधायचे तर कागदांच्या जाड्या गठ्ठ्यात.

पुण्या-मुंबईकडची आणि बंगळूरकडची अशा दोन दिशांचा तोल आजच्या वेळापत्रकातही दिसतो. पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये बेळगावमार्गे सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस. बंगळूर-बेळगाव वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये आली, ती सहा दिवस. धारवाड मार्गासाठी ज्यांच्या जमिनी मागितल्या त्यांत नंदिहळ्ळी, गर्लगुंजीसारख्या गावांतले शेतकरी आहेत. त्यांचा विरोध रेल्वेला नव्हता. पिकाऊ जमीन सोडून पडीक भागातून मार्ग न्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

दोन राज्यांनी मिळून रेल्वे बांधता येत नाही असे मात्र नाही. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ झाले तेव्हा केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६ टक्के होते. सीमावाद तेव्हाही होताच, महाजन आयोगाचा अहवाल येऊन दोन दशके उलटली होती. तरी दोन्ही राज्यांनी एकाच रुळासाठी पैसे मोजले. निपाणीमार्गे कोल्हापूरला जोडणारा मार्ग त्या मानाने किरकोळ लांबीचा आहे. बहुतेक रूळ कर्नाटकच्या हद्दीत पडतील आणि कागल-कोल्हापूरचा तुकडा महाराष्ट्राच्या. त्या तुकड्याचा निम्मा खर्च मुंबईने आणि उरलेल्याचा बंगळूरने देण्याचे ठरले, तर रेल्वे बोर्डाला नाही म्हणायला कारण उरत नाही.