लेखकाचा मुखत्यार

रेल्वेने हिंडलेल्या मराठी माणसाला व्हीलरचा स्टॉल सांगावा लागत नाही. याच ए. एच. व्हीलरने १८८८ मध्ये अलाहाबादहून एक रुपया किमतीची पुस्तकमाला काढली. तिचे पहिले सहा भाग बावीस वर्षांच्या एका पत्रकाराच्या कथांचे होते. हा पत्रकार म्हणजे रुडयार्ड किपलिंग. त्याचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात झाला होता. १८८९ मध्ये हिंदुस्थान सोडताना त्याने या सहाही पुस्तकांचे हक्क २०० पौंड आणि किरकोळ रॉयल्टीवर देऊन टाकले. पुढे ती पुस्तकं किती खपली ते आपण जाणतो, म्हणून हा आकडा टोचतो.

त्याच वर्षी तो लंडनला पोहोचला. तिथे कादंबरीकार वॉल्टर बेझंट यांनी त्याला एक सल्ला दिला: आपले व्यवहार ए. पी. वॉट या एजंटाच्या, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करणाऱ्या माणसाच्या, हाती सोपव. किपलिंगने ते ऐकलं आणि आयुष्यभर तीच पेढी ठेवली. वॉट गेल्यावर त्यांच्या मुलाने काम पुढे चालवलं. म्हातारपणी किपलिंगने लिहून ठेवलं आहे की चाळीसहून अधिक वर्षांत आमच्यात असा एकही मतभेद झाला नाही, जो तीन मिनिटांच्या बोलण्याने मिटला नसता. लेखक आणि एजंट यांच्या नात्याबद्दल याहून मोठी पावती माझ्या वाचनात आलेली नाही.

हे वॉट मूळचे स्कॉटलंडचे. एका प्रकाशकाकडे काम करून आणि जाहिरातींचा धंदा करून ते या वाटेला लागले. जॉर्ज मॅकडोनाल्ड या लेखक-मित्राच्या कथा विकून देण्यापासून सुरुवात झाली, असं सांगतात. १८७५ नंतरच्या काही वर्षांत त्याचा रीतसर व्यवसाय झाला. काळही तसाच होता. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये नवा वाचक तयार होत होता, मासिकं वाढत होती. एकाच कादंबरीचे आता अनेक हक्क झाले: मासिकात क्रमशः छापण्याचा, पुस्तकाचा, स्वस्त आवृत्तीचा, वसाहतींतल्या विक्रीचा, भाषांतराचा. लेखकांचे हक्क एकमेकांच्या देशांत मानण्याचा १८८६ चा बर्न करार आला. १८९१ मध्ये अमेरिकेने परदेशी लेखकांना कॉपीराइट दिला, तोही पुस्तक अमेरिकेतच छापण्याच्या अटीवर. तोवर तिथले प्रकाशक इंग्रजी पुस्तकं बिनदिक्कत छापून मोकळे होत. एवढे धागे सांभाळत लिहायचं कधी?

आर्थर कॉनन डॉयल यांचं उदाहरण घ्या. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ मध्ये छापली गेली, ती सगळे हक्क २५ पौंडांना विकून. त्यांनी रॉयल्टी मागितली होती, प्रकाशकाने नाकारली. १८९१ मध्ये होम्सच्या लघुकथा ‘स्ट्रँड’ मासिकाकडे गेल्या त्या वॉट यांच्यामार्फत, आणि तिथून डॉयल यांचे दिवस पालटले. गुण लेखकाचाच होता, पण तो योग्य दारात नेणारा माणूस दरम्यान भेटला होता.

वॉट यांनी घालून दिलेली खरी रीत म्हणजे दहा टक्क्यांची. लेखकाला मिळतील त्या पैशांतले दहा टक्के एजंटाचे. लेखकाला काही मिळालं नाही तर एजंटालाही नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा दर साधारण पंधरा टक्क्यांवर आणि परदेशी हक्कांसाठी वीसवर गेला, पण तत्त्व तेच राहिलं. हस्तलिखित वाचण्यासाठीच पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा, हा आजचा नियम याच तत्त्वातून आला आहे. त्या माणसाची कमाई तुमचं पुस्तक विकण्यावर अवलंबून नसते, म्हणून त्याला ते विकण्याची घाई नसते. ब्रिटनमध्ये १९७४ मध्ये एजंटांची संघटना झाली.

प्रकाशकांना हा मधला माणूस आवडला नव्हता. विल्यम हाइनमन यांनी १८९३ मध्ये त्याला जाहीरपणे बांडगूळ म्हटलं. त्यांचा राग सगळाच खोटा नव्हता. वॉट सुरुवातीला प्रकाशकांचीही कामं करत. माणूस नेमका कुणाचा, हा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे ‘दलाल’ हा शब्द अजूनही ज्या सुरात उच्चारला जातो, त्यामागे हाच संशय आहे. म्हणून मला ‘मुखत्यार’ हा शब्द जवळचा वाटतो: एकाच पक्षाच्या वतीने बोलणारा.

या मुखत्याराने किती सोसावं, याची गोष्ट जे. बी. पिंकर यांची. १८९६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये कचेरी थाटली. कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड १९०० मध्ये त्यांच्याकडे आला. कॉनरॅड सावकाश लिहायचा, आजारी पडायचा, मुदती हुकवायचा. पिंकर त्याला न लिहिलेल्या पुस्तकांवर पैसे देत राहिले. कर्ज दीड हजार पौंडांच्या वर गेलं. जानेवारी १९१० मध्ये एका कादंबरीचं हस्तलिखित घेऊन कॉनरॅड लंडनला गेला, तिथे दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि घरी परतून तो कोसळलाच. पुढची सुमारे दोन वर्षं व्यवहार तिसऱ्या माणसामार्फत चालला. तरी नातं तुटलं नाही. १९१४ च्या सुमारास कॉनरॅडला पहिलं मोठं व्यावसायिक यश मिळालं आणि पिंकर यांचा पैसा वसूल झाला. दोघांपैकी कुणालाच दोष द्यावासा वाटत नाही. मात्र पुस्तक कुठवर आलं आहे ते एजंटाला खरं सांगावं, रखडलं असेल तर लपवू नये, ही आजची साधी सूचना किती महाग शिकली गेली ते यावरून कळतं.

आज एजंटाकडे जाण्याची रीत ठरलेली आहे. एका पानाचं पत्र, कथानकाचा गोषवारा, पहिली दोनतीन प्रकरणं. कादंबरी असेल तर ती पूर्ण लिहून झालेली हवी. ललितेतर पुस्तकाला आराखडा आणि नमुना प्रकरण पुरतं. तो एजंट कोणत्या प्रकारची पुस्तकं घेतो हे आधी पाहावं. एकदम वीस जणांना तेच पत्र पाठवलं तर ते लगेच ओळखू येतं. कधी दारही आपसूक उघडतं: अरुंधती रॉय यांचं हस्तलिखित वाचून लंडनचे एजंट डेव्हिड गॉडविन १९९६ मध्ये विमान पकडून त्यांना भेटायला भारतात आले. पण ते अपवादाने घडतं.

मराठीत एजंट रुजला नाही. त्याच्या कामातला अर्धा भाग आपल्याकडे संपादकांनी केला. श्री. पु. भागवतांसारखा संपादक हस्तलिखित बारकाईने वाचायचा, पुन्हा लिहायला लावायचा, लेखक घडवायचा. पैशांचा आणि हक्कांचा अर्धा भाग मात्र पोरकाच राहिला. घरोब्याच्या नात्यात करार वाचणं अप्रशस्त वाटे. आता १८८० च्या दशकासारखेच नवे हक्क पुन्हा उगवले आहेत. २०१७ मध्ये पुस्तकं ऐकवणारं ‘स्टोरीटेल’ हे अ‍ॅप मराठीत आलं आणि जुन्या पुस्तकांचा आवाज विकला जाऊ लागला. वेब मालिका आहेत, इंग्रजी अनुवाद आहेत. जयपूरची ‘सियाही’, बंगळूरला सुरू झालेली ‘जॅकरंडा’ अशा भारतीय एजन्सी आहेत, पण त्यांच्यापर्यंत जायचं तर मराठी लेखकाला बहुधा आधी चांगला इंग्रजी नमुना हाताशी लागतो.

एजंट नसला तरी कायदा काही कामं करतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक भर घातली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नसेल तर हस्तांतरित होत नाहीत. कपाटातला करार काढून मुदत, प्रदेश आणि माध्यम या तीन गोष्टी त्यात कशा लिहिल्या आहेत ते बघायला अर्धा तास पुरतो.