नोंद एकीकडे, हिशेब दुसरीकडे: क्लाउड डेटा प्लॅटफॉर्मची पार्श्वभूमी

सांगली-मिरज-कुपवाडच्या कारखान्यांत, मार्केट यार्डातल्या मोठ्या पेढ्यांत आणि साखर कारखान्यांच्या संगणक विभागांत हल्ली 'क्लाउड डेटा प्लॅटफॉर्म' हे नाव वारंवार कानावर येते. म्हणजे व्यवसायाची माहिती इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर एकत्र ठेवून तिथूनच अहवाल काढण्याची सोय. दाखवताना समोर येतात ते रंगीत आलेख. पण आलेख हा सगळ्यात वरचा थर झाला. त्याखाली जे उभे आहे ते एका जुन्या अडचणीतून आले: व्यवहाराची नोंद करणे आणि त्या नोंदींतून उत्तर काढणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि एकाच मांडणीत दोन्ही नीट होत नाहीत.

पेढीवरच्या दिवाणजींना हे पक्के ठाऊक होते. कीर्द तारखेवार लिहायची, कारण व्यवहार त्याच क्रमाने घडतात. खतावणी मात्र खातेवार, कारण अमक्या आडत्याकडे किती येणे आहे हा प्रश्न तारखेवार विचारला जात नाही. रोज संध्याकाळी कीर्दीतून खतावणीत नोंदी चढवायच्या, हा शिरस्ता होता. संगणकाच्या जगाला याच जागी यायला बराच वेळ लागला.

1970 मध्ये आयबीएम या संगणक कंपनीतले संशोधक एडगर कॉड यांनी माहिती ओळी आणि रकान्यांच्या तक्त्यांत ठेवून तक्ते एकमेकांशी जोडण्याची पद्धत मांडली. 1974 मध्ये त्यांच्याच कंपनीतल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा सुचवली, तीच पुढे एसक्यूएल झाली. 1979 मध्ये ओरॅकलने तिच्यावर चालणारे सॉफ्टवेअर बाजारात आणले. बँका, विमा कंपन्या, कारखाने या तक्त्यांवर चालू लागले. नोंद करायला ही रचना उत्तम होती आणि आजही आहे.

अडचण दिसू लागली ती वरिष्ठांनी मोठे प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर. गेल्या 5 वर्षांत कोणत्या विभागात कोणता माल किती गेला, असा अहवाल काढायला घेतला की यंत्र लाखो ओळी चाळत बसे आणि काउंटरवर बिल फाडणारा माणूस थांबून राही. म्हणून नोंदींची प्रत रात्री दुसऱ्या यंत्रावर न्यायची, वेगवेगळ्या विभागांतली माहिती एका साच्यात बसवायची आणि अहवाल तिथूनच काढायचे, ही पद्धत आली. 1988 मध्ये आयबीएमच्याच बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी तिची रचना लेखातून मांडली आणि 'डेटा वेअरहाउस' हे नाव रूढ होऊ लागले. 1990 च्या दशकात बिल इनमन आणि राल्फ किंबल या तज्ज्ञांच्या दोन विचारसरणी तयार झाल्या. इनमन म्हणत, आधी संपूर्ण संस्थेची माहिती एका शिस्तीत आणा. किंबल म्हणत, विक्री, साठा, वसुली असा एकेक विषय घ्या, पण ग्राहक आणि माल यांची यादी सगळीकडे एकच ठेवा. मध्यम आकाराच्या व्यवसायाला किंबलची वाट जास्त झेपते, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळे एकदम करायला निघालेली कामे अर्ध्यावर राहण्याची भीती मोठी असते.

आपल्याकडे हा टप्पा जवळपास वगळलाच गेला. 1986 मध्ये सुरू झालेल्या कंपनीचे टॅली पेढ्यापेढ्यांत पोचले, जुलै 2017 पासूनच्या जीएसटीने उरलेल्यांनाही संगणकावर आणले. पण ही सगळी नोंदीची बाजू. वजनकाट्याचे सॉफ्टवेअर वेगळे, शीतगृहाचे रजिस्टर वेगळे, हिशेब टॅलीत आणि मालकाला हवा तो अहवाल एक्सेलमध्ये हाताने जुळवलेला, हे चित्र आजही सर्रास दिसते. वेअरहाउससाठी लागणारी मोठी यंत्रे, परवाने आणि माणसे सांगलीतल्या व्यवसायांच्या आवाक्याबाहेरची होती.

ती आवाक्यात आणणारे दोन बदल झाले. पहिला साठवणुकीच्या रचनेतला. हळदीच्या सौद्याची एक नोंद घ्या: तारीख, लॉट क्रमांक, शेतकरी, आडत्या, खरेदीदार, प्रत, पोती, वजन, दर. नोंद करताना ही अख्खी ओळ एकत्र लागते. पण राजापुरी हळदीचा गेल्या हंगामातला सरासरी दर काढायचा, तर तारीख, प्रत, वजन आणि दर एवढेच रकाने पुरतात. ओळीऐवजी रकाना एकत्र साठवला, तर बाकीची माहिती वाचावीच लागत नाही. शिवाय एका रकान्यात सारखीच मूल्ये पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे माहिती दाबून थोड्या जागेत मावते. ॲमस्टरडॅममधल्या मोनेटडीबी या प्रणालीने आणि संशोधक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या गटाच्या 2005 मधल्या सी-स्टोअर या प्रणालीने हे काम पुढे नेले. आजचे जवळजवळ सगळे क्लाउड वेअरहाउस याच तत्त्वावर चालतात.

दुसरा बदल भाड्याचा. मार्च 2006 मध्ये ॲमेझॉनने एस-3 ही साठवणुकीची सेवा सुरू केली, तेव्हा दर होता एका गिगाबाइटला महिन्याला 15 सेंट. आज तो सहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. त्याच वर्षी संगणकशक्तीही तासावर भाड्याने मिळू लागली. 2010 मध्ये गूगलने बिगक्वेरी हे भाड्याने वापरायचे वेअरहाउस जाहीर केले, 2012 च्या अखेरीस ॲमेझॉनने रेडशिफ्ट. 2012 मध्येच असेच वेअरहाउस देणाऱ्या स्नोफ्लेक कंपनीची स्थापना झाली. तिच्या तीन संस्थापकांपैकी मार्चिन झुकोव्स्की मोनेटडीबीच्याच परंपरेतले.

स्नोफ्लेक आणि बिगक्वेरी यांच्या रचनेतली खरी किमया अशी: माहिती साठवणारा भाग आणि हिशेब करणारा भाग पूर्ण वेगळे. माहिती स्वस्त जागेत पडून राहते, प्रश्न आला की हिशेबाची यंत्रे जागी होतात, काम संपले की बंद होतात. आपल्या भागाला हे फार सोयीचे आहे. हळदीचा जोर उन्हाळ्याच्या आसपास, उसाचे गाळप हिवाळ्यात. चार महिन्यांच्या धावपळीसाठी बारा महिने मोठा सर्व्हर पोसावा लागत नाही. पण बिलही याच रचनेतून येते. स्नोफ्लेक यंत्र चालू असलेल्या सेकंदांवर आकारणी करते, बिगक्वेरीच्या एका पद्धतीत चाळलेल्या माहितीच्या आकारावर. यंत्र विनाकारण चालू राहिले किंवा प्रत्येक अहवालाने सगळा इतिहास चाळला, तर महिनाअखेरीचा आकडा घाबरवतो. खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी घालून घ्यावी.

माहिती परदेशात जाईल ही शंका पूर्वी रास्त होती. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने पुण्यासह तीन शहरांत आणि 2016 मध्ये ॲमेझॉनने मुंबईत केंद्रे सुरू केली. 2022 च्या नियमानुसार संगणकावर ठेवलेल्या हिशेबाची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे.

आणि सांगलीला या विषयात एक कारण असे आहे, जे बंगळुरूच्या माणसाला समजावून सांगावे लागते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांपुढे गेली, धोक्याची पातळी आहे 45 फूट. मारुती चौक, हरभट रोड, कापडपेठ पाण्याखाली होते. तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची हार्ड डिस्क पुरात एकत्रच जातात. 2005 नंतर 14 वर्षांनी हे झाले, आणि 2021 मध्ये पाणी पुन्हा शहरात शिरले. व्यवसायाची माहिती नदीकाठापासून दूर असणे ही इथे चैन नव्हे.

मग साधे 'वेअरहाउस' सोडून 'व्यवसाय डेटा प्लॅटफॉर्म' कशासाठी? प्रचंड माहिती अनेक संगणकांवर विभागून ठेवणाऱ्या हडूप या सॉफ्टवेअरच्या काळात, म्हणजे 2006 नंतरच्या दशकात, मिळेल ती माहिती एका जागी ओतण्याची लाट आली. साठा झाला, पण कुठल्या आकड्याचा अर्थ काय हे कुणी लिहून ठेवले नाही. म्हणून आता साठ्याच्या वर अर्थाचा थर बांधतात. मायक्रोसॉफ्टची 2020 मध्ये डेटाव्हर्स हे नाव मिळालेली सेवा आणि व्यवसायांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एसएपी कंपनीने 2025 मध्ये आणलेले बिझनेस डेटा क्लाउड यांचा भर तिथेच आहे. ग्राहक, बिल, साठा यांच्या व्याख्या आधी ठरतात, अहवाल त्यांवर उभे राहतात.

तासगावच्या बेदाण्याचे पाहा. शीतगृहातला एक बॉक्स शेतकऱ्याच्या मालकीचा असतो, त्यावर बँकेची तारण-उचल असू शकते, आडत्याच्या वहीत तो विक्रीस आलेला माल असतो. 'शिल्लक किती' या प्रश्नाला तिघांची तीन खरी उत्तरे निघतात. प्लॅटफॉर्म ती ठेवू शकतो, पण कुठल्या अहवालात कुठली धरायची हे दिवाणजी, सीए आणि मालक यांनी एकत्र बसून ठरवावे लागते. या बैठकीला सॉफ्टवेअरइतकाच वेळ द्यायला हवा.

शेवटचा मोठा बदल माहिती कोणाच्या साच्यात आहे याचा. नेटफ्लिक्समध्ये जन्मलेला आइसबर्ग हा तक्ते साठवण्याचा खुला साचा 2018 पासून खुले सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाचे संस्थेकडे आहे. त्यात ठेवलेले तक्ते एकाहून अधिक कंपन्यांची यंत्रे वाचू शकतात. त्यामुळे करार करतानाच विचारता येते: सेवा सोडली तर आमचे तक्ते कोणत्या साच्यात, किती दिवसांत आणि किती शुल्कात परत मिळतील? उत्तर लेखी घ्यावे.