डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणांचे स्वावलंबन : छोट्या पडद्यावर आणि कोकणात

डाउन सिंड्रोम असलेल्या अठरा वर्षांपुढील तरुण-तरुणींनी घरकाम, प्रवास, पैसा, कमाई आणि स्वतःविषयीचे निर्णय टप्प्याटप्प्याने आपल्या हाती घेणे, असा स्वावलंबनाचा अर्थ या नोंदीत धरला आहे. रिअ‍ॅलिटी शोंमुळे हा विषय अनेक देशांत घरोघरी पोचला. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांत त्याला वेगळी निकड आहे. भावंडे नोकरीसाठी मुंबई-पुण्यात, गावच्या घरात आईवडील आणि हे एक अपत्य, असे चित्र वाड्यावाड्यांतून दिसते. आईवडील साठीच्या पुढे गेले की ‘आमच्यामागे याचे काय’ हा प्रश्न उभा राहतो. तोवर तरुण तिशीत आलेला असतो आणि त्याला चहासुद्धा करता येत नाही, कारण कधी कोणी करू दिलेला नसतो. तरुण विशीत आणि आईवडील पन्नाशीत असताना केलेली सुरुवात सर्वांत फळते.

पेशींमध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्याने डाउन सिंड्रोम ही स्थिती जन्मतः येते. जॉन लँग्डन डाउन या ब्रिटिश डॉक्टरांनी तिचे वर्णन १८६६ मध्ये केले आणि जादा गुणसूत्राचा उलगडा १९५९ मध्ये फ्रान्समध्ये झाला. बौद्धिक क्षमतेतला फरक व्यक्तिगणिक वेगळा असतो, त्यामुळे एकाला जमले ते दुसऱ्याला त्याच वेगाने जमेल असे धरून चालता येत नाही.

पडद्यावरचे चित्र

इंग्लंडमधील ब्रायटन येथे एका घरात एकत्र राहणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या मित्रमैत्रिणींवरची ‘द स्पेशल्स’ ही मालिका २००९ मध्ये इंटरनेटवर आली. सर्वाधिक गाजली ती अमेरिकेतील ‘ए अँड ई’ वाहिनीची ‘बॉर्न दिस वे’. दक्षिण कॅलिफोर्नियातील डाउन सिंड्रोम असलेल्या सात तरुणांना घेऊन ती डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये तिला रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांच्या गटातला एमी पुरस्कार मिळाला. नोकरी, मैत्री, प्रेम, वेगळे घर हे विषय तरुणांच्याच तोंडून येत, आणि पालक एकत्र बसून आपली धास्ती उघडपणे बोलत. डाउन सिंड्रोम म्हटले की लहान मूल डोळ्यांसमोर येण्याची सवय अशा मालिकांनी मोडली, हे त्यांचे मोठे काम.

मात्र पडद्यावर दिसते ती शिकण्याची शेवटची पायरी. वेगळ्या घराची किल्ली हातात येते तो क्षण दाखवला जातो, पण त्याआधी कुलूप उघडण्याचा महिनोन्‌महिने केलेला सराव संकलनात गळतो. कॅलिफोर्नियात १९६९ च्या लँटरमन कायद्याने विकासात्मक अक्षमता असलेल्यांना सेवांचा हक्क दिला आहे. घरी येऊन शिकवणारे पगारी मदतनीस, प्रवासाची सोय आणि नोकरीच्या ठिकाणचा मार्गदर्शक या सेवांतून मिळू शकतात. कोकणातल्या कुटुंबाने ती मालिका पाहून घाईने मुलीला एकटीला बाजारात धाडले आणि ती रडत परतली, तर दोष मुलीचाही नाही आणि मालिकेचाही नाही. मधली आधाराची फळी घालायची राहून गेली. आपल्याकडे ती फळी वाडीतल्या माणसांतून उभी करावी लागते.

शिकवण्याची रीत

डाउन सिंड्रोममध्ये बहुधा ऐकलेले कमी टिकते, पाहिलेले जास्त. लांबलचक तोंडी सूचना वाया जाते, तर चार फोटोंची पट्टी कामाला येते. फोटो त्याच घरातल्या वस्तूंचे हवेत. छापील पुस्तकातला तांब्या आणि आपल्या पाणवठ्यावरचा तांब्या एकच आहे, हा दुवा आपोआप जुळत नाही.

कामाचे दहा-बारा तुकडे करावेत आणि शिकवायला शेवटच्या तुकड्यापासून घ्यावे. अंथरुण आवरायचे असेल तर आईने सगळे करून उशी तेवढी ठेवायला द्यावी. उशी जमली की चादरीची शेवटची घडी आणि उशी, मग त्याआधीची घडी. प्रत्येक वेळी काम ‘पुरे केल्याचा’ आनंद शिकणाऱ्याला मिळतो. एक सूचना दिल्यावर मनात दहापर्यंत मोजून थांबावे. बहुतेक घरांत तिसऱ्या सेकंदाला दुसरी सूचना येते, मग पहिलीवर चाललेला विचार तुटतो आणि त्या गोंधळाला ‘हट्टीपणा’ हे नाव पडते. मदत कमी करतानाही पायऱ्या हव्यात. आधी हात धरून, मग बोट दाखवून, मग नुसते शेजारी उभे राहून, शेवटी दुसऱ्या खोलीतून. अमुक काम आले असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा ते वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसासमोर आणि न सांगता झालेले असते.

एसटी आणि बाजार

कोकणात स्वावलंबनाची खरी परीक्षा एसटीच्या थांब्यावर होते. शहरात चुकलेली बस दहा मिनिटांत भरून निघते. इथे अनेक गावांना दिवसाला दोन-तीनच गाड्या. सकाळची मुक्कामी गाडी गेली की दुपारपर्यंत वाट पाहायची. म्हणून गाडी चुकली तर काय करायचे, हे गाडीत बसण्याच्या आधी शिकवावे लागते. थांब्याजवळचे एक दुकान ठरवावे, तिथे जाऊन बसावे आणि घरी फोन करावा. हा प्रसंग सरावासाठी मुद्दाम घडवावा. बरोबरच्या माणसाने एकदा जाणूनबुजून गाडी जाऊ द्यावी.

प्रवासाचे तुकडे साधारण असे पडतात. थांब्यावर रस्त्याच्या योग्य बाजूला उभे राहणे, गाडीची पाटी ओळखणे, हात करणे, चढणे, बसणे, वाहकाला ठिकाण सांगणे, पैसे किंवा सवलतीचे कार्ड दाखवणे, तिकीट खिशात ठेवणे, उतरण्याची जागा ओळखणे, गाडी पूर्ण थांबल्यावर उतरणे. पाटी वाचता येत नसेल तर तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून अक्षरे जुळवायला शिकवता येते. घोटाळा होतो तो एकाच गावाला दोन मार्गांनी जाणाऱ्या गाड्यांचा. पाटीवर शेवटचे गाव तेच, ‘मार्गे’पुढचे नाव वेगळे. फोटोत ते नाव ठळक दिसले पाहिजे.

सगळ्यांत जास्त चुका उतरताना होतात, त्याही पावसाळ्यात. उन्हाळ्यात देवळाचा कळस किंवा वडाचा पार पाहून जागा ओळखणारा तरुण जूनमध्ये गडबडतो, कारण खिडक्या लावलेल्या असतात आणि काचांवर बाष्प धरलेले असते. शिकलेली खूणच दिसेनाशी होते. उपाय दोन. तिकीट काढतानाच वाहकाला ‘थांबा आला की सांगा’ असे म्हणायचे, आणि उच्चार स्पष्ट नसेल तर थांब्याचे नाव मोठ्या अक्षरात लिहिलेले कार्ड दाखवायचे. हे कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात हवे. छत्री सांभाळताना कागद पहिल्याच सरीत लगदा होतो.

बाजारात अडथळा वेगळ्या जातीचा असतो. दुकानदार ओळखीचा, मायाळू, आणि पैसे घ्यायलाच तयार नसतो. ‘असू दे रे बाबू, तुझ्या बाबांकडून घेतो’ म्हणून पुडा हातात देतो. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाचा व्यवहार तिथेच मोडतो. पालकांनी आधी जाऊन सांगावे, की पैसे त्याच्याकडूनच घ्या, सुटे त्याच्याच हातात मोजून द्या, आणि मागे रांग असली तरी थोडा धीर धरा. मासळी बाजार मात्र सुरुवातीसाठी बरा नव्हे. भाव बोलीवर ठरतो, तासातासाला उतरतो आणि गलका मोठा असतो. छापील किंमत असलेल्या वस्तूपासून, एक साबण आणि एक बिस्किटचा पुडा अशा यादीने, आरंभ करावा.

बेरीज-वजाबाकी कच्ची असली तरी पैसे देता येतात. किंमत ऐकून तिच्यापुढची नोट द्यायची आणि सुटे घ्यायचे. ३४ रुपये झाले तर ५० ची, ७० झाले तर १०० ची. नव्या मालिकेतल्या नोटांचे रंग ठळक वेगळे आहेत, पन्नासची निळी, शंभरची जांभळट, दोनशेची पिवळी, पाचशेची राखाडी. रंग आणि आकडा दोन्ही जोडून शिकवावे. मोबाइलने पैसे देणे हाताला सोपे, पण शून्य जास्त पडण्याचा धोका मोठा, म्हणून त्यासाठी वेगळे खाते ठेवून त्यात आठवड्यापुरतीच रक्कम असावी.

किनाऱ्यावरच्या गावांत समुद्राचा नियम वेगळा घालावा लागतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा ‘चार वाजेपर्यंत’ असा घड्याळाचा नियम उपयोगाचा नाही. डोळ्यांना दिसणारी हद्द ठरवावी, उदाहरणार्थ माडांची रांग किंवा सुरूचे बन, आणि सोबत कोणी मोठे नसेल तर तिच्यापुढे जायचे नाही.

स्वयंपाकघर

पहिला पदार्थ म्हणून भात चांगला, कारण तो रोज होतो आणि सराव रोज मिळतो. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, वाटी नेहमी तीच. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यावर मात्र भिस्त ठेवू नये. डाउन सिंड्रोममध्ये कमी ऐकू येण्याचे प्रमाण बरेच आहे आणि पावसाच्या आवाजात शिटी धडधाकट कानालाही चुकते. मोठा आवाज करणारा टायमर लावावा. गॅसच्या ज्योतीपेक्षा इंडक्शनची शेगडी सुरक्षित वाटते, पण कोकणात पहिल्या वादळाबरोबर वीज जाते. परत आली तरी शेगडी बंदच राहते, आणि टायमर वाजल्यावर शिकणारा निमूटपणे कच्चा भात वाढून घेतो, कारण पट्टीवर पुढचा फोटो वाढण्याचा असतो. पट्टीत ‘शीत दाबून बघ’ हा एक फोटो वाढवला की प्रश्न सुटतो. विळीऐवजी बुडाला रबर असलेला चिरण्याचा पाट आणि रुंद मुठीची सुरी द्यावी. बोटे आखूड आणि स्नायू सैल असल्याने बारीक मूठ हातात फिरते.

कमाई

हंगामी उद्योगांत या तरुणांसाठी जागा आहे. आमसुले करताना कोकमाची साले रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, असे पुट देण्याचे काम तेच ते असते आणि ज्यांना क्रम आवडतो ते ते मन लावून करतात. बोटाला चीर असेल तर रस झोंबतो, म्हणून हात आधी तपासावेत.

काजूच्या कारखान्यात कामाची निवड विचारपूर्वक करावी. बी फोडण्याचे काम सुरुवातीला देऊ नये. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. गरावरची साल काढणे, अख्खे गर आणि पाकळी (दुभंगलेले गर) वेगळे करणे, आकारानुसार प्रतवारी करणे ही कामे पाहून करण्याची असल्याने जमतात. प्रतवारीसाठी प्रत्येक आकाराचा एक नमुना समोर चिकटवून ठेवावा. वजन करताना एक अडचण हमखास येते. २५० ग्रॅम भरायला सांगितले की काट्यावर २५१ दिसताच एक गर काढला जातो, २४९ झाले की पुन्हा घातला जातो, आणि एका पाकिटाला दहा मिनिटे लागतात. तोवर दमट हवेत गर मऊ पडू लागतात. २५० ते २५३ मधला कोणताही आकडा चालेल असे चार आकडे काट्याशेजारी लिहून ठेवले की हात मोकळा होतो.

आंब्याच्या पेट्या भरणे, घरगुती निवासात खोल्या लावणे, खानावळीत ताटे मांडणे हीही कामे चालतात. खरी अडचण जून ते सप्टेंबरची. हंगाम संपतो, चार महिने हात रिकामे राहतात आणि शिकलेले काम विसरले जाते. मालकाशी बोलताना पगाराबरोबरच पावसाळ्यात आठवड्यातून दोन दिवसांचे तरी पाकीटबंद करण्याचे काम मागून घ्यावे.

प्रकृती

थायरॉइडची तपासणी दरवर्षी करावी. कान आणि डोळेही ठरावीक काळाने पाहावेत. चांगले काम करणारा तरुण अचानक मंदावला, बोलेनासा झाला, तर ‘बिघडला’ म्हणण्याआधी थायरॉइड, झोपेत श्वास अडकणे, कमी ऐकू येणे आणि नैराश्य यांचा शोध घ्यावा. या सगळ्यांवर उपचार आहेत. काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. म्हणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय डोक्यावरून पाट्या, हंडे किंवा आंब्याचे क्रेट वाहायला लावू नये. एकट्याने स्वतःशी बोलणे ही सवय पुष्कळांना असते, त्यात घाबरण्यासारखे सहसा काही नसते.

कायदा आणि कागद

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे आणि गरज पडल्यास मर्यादित, म्हणजे ठरावीक निर्णयापुरत्या आणि ठरावीक काळापुरत्या पालकत्वाची तरतूद आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमू शकते. दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढून ठेवावे, एसटी आणि रेल्वेच्या सवलतींपासून अनेक कामांना ते लागते. पालक नेमला म्हणून त्या व्यक्तीला विचारणे संपत नाही.

कोकणात चित्रीकरण करताना

अशा तरुणांवर मराठीत कार्यक्रम करू पाहणाऱ्यांनी संमतीपासून सुरुवात करावी. आईवडिलांची सही पुरत नाही. काय चित्रित होणार, कोण पाहणार, मध्येच थांबता येईल हे चित्रे आणि साध्या वाक्यांत सांगून तरुणाची संमती घ्यावी, आणि ती एकदाच न घेता प्रत्येक चित्रीकरणाच्या दिवशी पुन्हा घ्यावी. ‘हो’ म्हणण्याची सवय अंगी मुरलेली असते, म्हणून तोच प्रश्न उलटाही विचारून पाहावा, ‘आज कॅमेरा नको ना?’ दोन्हीला हो आले तर अजून समजलेले नाही. मानधन त्याच्या स्वतःच्या खात्यावर जावे.

कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या माणसांमुळे क्रम बिघडतो आणि येत असलेले कामही चुकते. पहिले काही दिवस कॅमेरा न काढता नुसते येऊन बसावे. उच्चार समजत नसतील तर खाली मजकूर द्यावा, पण तो पडद्यावरच्या सगळ्यांच्याच बोलण्याला द्यावा. गाव छोटे असते, वाडी लगेच ओळखू येते. तरुणी कोणत्या थांब्यावर, कोणत्या वेळेच्या गाडीने एकटी जाते हे पाटीसकट दाखवू नये. पाटी पुसट करावी आणि ते चित्रण दुसऱ्या वेळी, दुसऱ्या मार्गावर करून घ्यावे.