‘झुंड’ची पोरं आपल्या भूमिकांविषयी बोलतात, त्यामागचा इतिहास

४ मार्च २०२२ रोजी दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’, वस्तीतल्या पोरांच्या फुटबॉल संघाची गोष्ट, थिएटरांत लागला. प्रसिद्धीच्या गडबडीत एकीकडे होते १९६९ पासून पडद्यावर वावरणारे अमिताभ बच्चन आणि दुसरीकडे नागपूरच्या वस्त्यांतून निवडलेली पोरं. यातल्या बहुतेकांचा हा पहिलाच सिनेमा. खेळावरच्या सिनेमातल्या नटांना एक प्रश्न ठरलेला असतो, ‘या भूमिकेसाठी तयारी काय केली?’ मुरलेल्या नटाकडे त्याचं उत्तर असतं. वस्तीतल्या पोराला तोच प्रश्न विचारला तर तो घराविषयी, गल्लीविषयी, दोस्तांविषयी बोलू लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा विषय सोडून बोलतोय. खरं तर प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर तोच देत असतो. ते का, हे कळायचं तर आधी नागपूरच्या फुटबॉलपाशी आणि मग आपल्याकडच्या खेळपटांत नट कसे निवडले गेले याच्यापाशी जावं लागतं.

‘झुंड’ ज्यांच्या कामावर बेतलाय ते विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. पावसात काही पोरं एका तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली, ही गोष्ट त्यांनी अनेकदा सांगितली आहे. सरांनी त्या पोरांना चेंडू दिला. पोरं खेळत राहिली आणि सरांच्या लक्षात आलं की जितका वेळ ती मैदानावर असतात, तितका वेळ ती दारू, जुगार, चोरीमारी यांच्यापासून लांब असतात. यातूनच २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ ही वस्तीतल्या पोरांसाठीची फुटबॉल संस्था उभी राहिली. वस्त्यावस्त्यांचे संघ काढून स्पर्धा भरवल्या गेल्या, आधी शहरात आणि मग त्याबाहेर. पुढे सरांचा मुलगा अभिजीत यानेही या कामात उडी घेतली. २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, तोवर नागपूरबाहेर किती जणांना हे काम ठाऊक होतं, हा प्रश्नच आहे.

या सगळ्याला सिनेमाची गोष्ट बनवणारा दुवा म्हणजे होमलेस वर्ल्ड कप. बेघर आणि वंचित खेळाडूंसाठीची ही जागतिक स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. तिचे नियम समजून घेण्यासारखे आहेत. मैदान २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे मोठ्या शाळेच्या अंगणाएवढं. एका वेळी एका बाजूचे चारच खेळाडू, त्यातला एक गोलकीपर. सात-सात मिनिटांचे दोन डाव. ज्याने फुटबॉल गल्लीबोळात, भिंतीवर चेंडू आपटत शिकलाय, त्याला हे मैदान परकं वाटत नाही. त्यात आणखी एक नियम असा की खेळाडूला या स्पर्धेत आयुष्यात एकदाच उतरता येतं. म्हणजे दरवर्षी नवा संघ, नवी पोरं, नव्याने पासपोर्टची धावपळ. २०१० मध्ये रिओ दि जानेरोला भारताचा संघ गेला, त्याचा कर्णधार होता नागपूरचा अखिलेश पॉल. गुन्हेगारीच्या वाटेवर गेलेला हा तरुण फुटबॉलमुळे मागे फिरला होता. २०१४ च्या ऑक्टोबरात आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’ या टीव्ही कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग खेळावर होता. त्यात बारसे सर आणि अखिलेश दोघंही दिसले, आणि सिनेमावाल्यांचं लक्ष या गोष्टीकडे गेलं.

आता दुसऱ्या इतिहासाकडे येऊ. शाळा-कॉलेजच्या वयातल्या खेळाडूंवरचे हिंदी सिनेमे तसे मोजकेच. प्रकाश झा यांच्या ‘हिप हिप हुर्रे’मध्ये (१९८४) रांचीच्या शाळेचा फुटबॉल संघ होता, पण गोष्ट होती राज किरणने केलेल्या तरुण क्रीडाशिक्षकाची. ‘जो जीता वोही सिकंदर’ (१९९२) सायकल शर्यतीवरचा आणि आजही आवडीने पाहिला जाणारा. त्यात शाळकरी पोरगा झालेला आमिर खान तेव्हा २६-२७ वर्षांचा होता. त्या काळी हे कुणाला खटकत नसे. नटाने खेळाडूसारखं दिसायचं, बाकीचं काम कॅमेरा आणि कात्री करणार, असं गृहीतच होतं.

आपल्या श्रेयस तळपदेचा ‘इक्बाल’ (२००५) इथे महत्त्वाचा. मराठी मालिकांतून आलेला हा नट त्यात बोलता-ऐकता न येणारा वेगवान गोलंदाज झाला होता. धाव घेणं, उडी, चेंडू सोडणं हे सगळं अंगात आणायचं आणि संवाद मुळीच नाहीत. अशा भूमिकेबद्दल बोलताना नट आधी सरावाविषयी बोलणारच, कारण त्याचं अर्धं काम मैदानावर झालेलं असतं. खेळपटातला नट मुलाखतीत घाम, दुखापती, पहाटेचा सराव यांबद्दल सांगतो, ती पद्धत इथून पुढे रुळली.

दोन वर्षांनी ‘चक दे! इंडिया’ आला आणि पात्रनिवडीचं गणितच बदललं. १६ मुलींच्या संघात काही अभिनेत्री होत्या आणि काही खरोखर हॉकी खेळणाऱ्या. मीर रंजन नेगी यांनी त्यांना हॉकी शिकवली. १९८२ च्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून ७-१ अशी हार झाली, तेव्हा गोलपोस्टमध्ये उभे असलेले आणि त्यानंतर वर्षानुवर्षं बोल सोसलेले तेच नेगी. सामन्यांची आखणी करायला रॉब मिलर हे परदेशी तंत्रज्ञ आले होते. एका फ्रेममध्ये स्टिक, चेंडू आणि खेळाडूचा चेहरा तिन्ही दिसायचे असतील तर खेळ येणारीच मुलगी लागते. नाही तर दिग्दर्शकाला पाय वेगळे आणि चेहरा वेगळा दाखवावा लागतो, आणि मैदानावर चार दिवस काढलेल्या प्रेक्षकाला ते तत्काळ कळतं. चित्राशी रावतची कोमल चौटाला लोकांना खरी वाटली, कारण तिच्या हातात स्टिक नवी नव्हती.

पुढे सुधा कोंगरा यांनी ‘साला खडूस’ आणि त्याच्या तमिळ रूपासाठी मुंबईची किकबॉक्सर रितिका सिंग हिला थेट रिंगमधून उचललं. ‘दंगल’मध्ये (२०१६) उलटी वाट धरली. चार मुली निवडल्या आणि प्रशिक्षक कृपाशंकर बिश्नोई यांच्याकडून त्यांना कुस्ती शिकवली. दोन्ही वाटा चालल्या. पण दोन्हीत नट कुठे संपतो आणि खेळाडू कुठे सुरू होतो, ही रेघ स्पष्ट राहिली.

ती रेघ पुसली नागराज मंजुळे यांनी, आणि त्याची सुरुवात खेळपटातून झाली नव्हती. ‘फॅन्ड्री’चा जब्या झालेला सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातल्या केमचा. हलगी वाजवणारा हा मुलगा नागराज यांच्या नजरेत भरला आणि पहिल्याच सिनेमासाठी त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ची रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती, आकाश ठोसर तालमीतला पैलवान. ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळवणाऱ्यांत रिंकूही होती आणि रितिका सिंगही. अभिनयाचं शिक्षण न घेतलेल्या दोन मुली, एक सोलापूर जिल्ह्यातल्या गावातली आणि एक रिंगमधली, एकाच यादीत. या योगायोगाची चर्चा फारशी झाली नाही. मला तो फार मोलाचा वाटतो.

म्हणून ‘झुंड’साठी नागपुरात पोरं शोधायची वेळ आली, तेव्हा नागराज आणि त्यांचा भाऊ भूषण मंजुळे मुंबईच्या ऑडिशनच्या रांगेकडे गेले नाहीत. ते वस्त्यांत हिंडले. मुख्य भूमिका मिळाली अंकुश गेडाम या नागपूरच्याच तरुणाला. सिनेमातही पात्राचं नाव अंकुशच, वस्तीत त्याला ‘डॉन’ म्हणतात. आता विचार करा, अशा पोराला ‘पात्राच्या जवळ कसा गेलास’ असं विचारायचं तरी कसं? त्याची बोली, चालण्यातली ऐट, मालगाडीवर चढण्यातली सहजता, यातलं काहीच त्याला कुणी शिकवायचं नव्हतं. शिकवायचं होतं ते वेगळंच. खूण केलेल्या जागी थांबणं, तेच वाक्य पुन्हा त्याच जोराने म्हणणं, समोर अमिताभ बच्चन उभे असताना न बुजणं.

या पोरांकडून काम कसं काढून घेतलं, हे पाहायचं तर विमानतळाचा प्रसंग पुन्हा पाहावा. संघ परदेशी निघालाय आणि अंकुश तपासणीच्या कमानीपाशी अडतो. कमान वाजत राहते. पुढे काय होतं त्यापेक्षा त्या वेळचा त्याचा चेहरा पाहा. आयुष्यभर पोलिसांच्या, दुकानदारांच्या, कॉलेजच्या वॉचमनच्या नजरेतून तपासल्या गेलेल्या माणसाचा तो चेहरा आहे. हा प्रसंग कसलेल्या नटानेही उत्तम केला असता. पण त्याला तो ‘करावा’ लागला असता.

रिंकू आणि आकाश यांच्या ‘झुंड’मधल्या भूमिकांची पार्श्वभूमीही जरा वेगळी आहे. ‘सैराट’नंतर दोघं महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले होते. नागराज यांनी इथे त्यांना एकमेकांसमोर आणलंच नाही. आकाश झाला संभ्या, म्हणजे डॉनचा वैरी. रिंकू झाली मोनिका, आदिवासी मुलगी, जी संघात निवडली जाते पण तिच्याकडे ओळखीचा एकही कागद नाही. बाप आणि लेक एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरतात, आपण आपणच आहोत हे सिद्ध करण्यासाठी. फुटबॉलच्या सिनेमात चेंडूला पायही न लावता चाललेली ही धावपळ मला सगळ्यात जास्त खेळाची वाटते. वर सांगितलेला एकदाच खेळता येण्याचा नियम आठवा, म्हणजे त्या कागदाची किंमत कळेल. लोकप्रिय जोडीने इतक्या छोट्या भूमिका घेणं हा दिग्दर्शकावरचा विश्वास आहेच, शिवाय सिनेमा गर्दीचा आहे हे मान्य करणंही आहे.

अमिताभ यांची भूमिका विजय बोराडे या क्रीडाशिक्षकाची. ‘जंजीर’ आणि ‘दीवार’पासून त्यांच्या पडद्यावरच्या रागीट तरुणाचं नाव बऱ्याचदा विजय असायचं, आणि नागपूरच्या खऱ्या सरांचं नावही विजय. असं जुळून आलेलं असताना दिग्दर्शकाला त्या जुन्या विजयला बाहेर काढण्याचा मोह होणं साहजिक होतं. नागराज यांनी तो टाळला. बोराडे सर ओरडत नाहीत, बराच वेळ नुसते ऐकतात. पोरांनी खेळावं म्हणून सुरुवातीला पैसे देतात आणि खेळाची चटक लागल्यावर देणं थांबवतात. आंबेडकर जयंतीच्या प्रसंगात ते बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून उभे राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे धम्मदीक्षा झाली, त्या नागपूरच्या वस्तीची गोष्ट सांगताना हा प्रसंग नसता तरच नवल होतं. पण इतक्या मोठ्या नटाच्या हिंदी सिनेमात तो दिसायला २०२२ उजाडावं लागलं, हेही सांगायलाच हवं.

पोरांच्या मुलाखती ऐकताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, ती म्हणजे मध्ये गेलेला काळ. नागपुरातलं चित्रीकरण २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालं. प्रदर्शनाच्या तारखा ठरल्या आणि मोडल्या. आधी करोनाने थिएटरं बंद केली, मग अखिलेश पॉलच्या जीवनकथेच्या हक्कांवरून हैदराबादच्या एका निर्मात्याने दावा लावला. तेलंगणातल्या न्यायालयाने स्थगिती दिली आणि २०२० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही ती उठवायला नकार दिला. या भांडणात बरीच चर्चा झाली ती कराराची आणि पैशांची. वस्तीतल्या पोराच्या आयुष्याची गोष्ट कुणाच्या मालकीची, हा खरा प्रश्न होता आणि तो कायद्याच्या भाषेत पुरता मांडलाच गेला नाही, असं मला वाटतं.

पण नटांच्या बाजूने पाहा. विशीच्या आतबाहेरच्या वयात तीन वर्षं म्हणजे केवढा काळ! कुणाचा आवाज बदलला, कुणाचं शिक्षण सुटलं, कुणाच्या खांद्यावर घर आलं. सिनेमा आला तेव्हा ही पोरं ज्या भूमिकांबद्दल बोलत होती, त्या त्यांनी आपल्या आधीच्या वयात केल्या होत्या. पडद्यावरचा अंकुश आणि मुलाखतीला आलेला अंकुश यांच्यात तेवढं अंतर पडलेलं होतं. अनुभवी नट मधल्या काळात आणखी चार सिनेमे करतो. या पोरांच्या हातात तोवर दाखवायला एकही सिनेमा नव्हता.

२०२३ च्या फिल्मफेअरमध्ये अंकुश गेडामला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर दोन वर्षांनी ‘सितारे जमीं पर’ आला. बास्केटबॉल खेळणाऱ्या बौद्धिकदृष्ट्या वेगळ्या तरुणांची ही गोष्ट, मूळ २०१८ च्या स्पॅनिश सिनेमावरून घेतलेली. त्यातल्या संघाच्या दहाही भूमिका तशाच दहा तरुणांनी केल्या. म्हणजे ‘झुंड’ने मळवलेली वाट बंद पडलेली नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी मात्र अजून प्रश्न बदललेले नाहीत. अशा पोरांना तयारीविषयी विचारण्यापेक्षा चित्रीकरणात त्यांनी कुठल्या वाक्याला नकार दिला, कुठला प्रसंग ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणून बदलायला लावला आणि सिनेमा संपल्यावर पुढचं काम कुणी दिलं, हे विचारलं पाहिजे.