सगळ्यांच्या संगणकावर बॉइंक चालवताना

शाळा, वाचनालयं आणि होमस्टेची काउंटरं, म्हणजे जिथे एकाच संगणकावर दिवसभर अनेकजण बसतात, अशा आमच्या ग्राहकांसाठी.

बॉइंक हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या शाखेत तयार झालेलं मोफत सॉफ्टवेअर. मोठ्या वैज्ञानिक आकडेमोडीचे तुकडे ते जगभरच्या रिकाम्या संगणकांना वाटून देतं. त्यावरच्या आइन्स्टाइन ॲट होम प्रकल्पाने २०१० मध्ये स्वयंसेवकांच्या संगणकांवर एक नवा पल्सार तारा शोधला. आपल्या तालुक्यातल्या शाळेचा संगणकही अशा कामाला लागू शकतो, म्हणून आम्ही बॉइंक मनापासून बसवून देतो. मात्र समोर बसलेल्याचं काम आधी.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के दिसला की ग्राहक घाबरून फोन करतात. त्यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. बॉइंकचं काम सर्वांत खालच्या प्राधान्याने चालतं आणि दुसरं काम आलं की मागे सरतं. खरी अडचण रॅमची. ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझर आणि दोन-चार पीडीएफ उघडल्या की रॅम भरते, विंडोज हार्ड डिस्कवर लिहू लागतं आणि माऊससुद्धा अडखळतो. तिथे प्राधान्याचा काही उपयोग नाही. म्हणून कोणी बसलं की बॉइंक थांबेल आणि थांबलेलं काम रॅममध्ये राहणार नाही, अशी सेटिंग आम्ही करतो.

माऊस-कीबोर्ड ३ मिनिटं हलला नाही की संगणक रिकामा, असं बॉइंक मूळ सेटिंगमध्ये धरतं. वाचनालयात स्क्रीनवर लेख वाचणारा माणूस तेवढा वेळ सहज स्वस्थ बसतो. तिथे आम्ही १५ मिनिटं ठेवतो.

मालवण, गुहागरसारख्या किनाऱ्यालगतच्या मशीनचं झाकण काढलं की पंख्याच्या पात्यांवर धुळीचा ओला, चिकट थर दिसतो. असा पंखा पूर्ण भार सोसत नाही. आधी सफाई, मगच बॉइंक, तेही प्रोसेसरच्या निम्म्याच कोअरवर, म्हणजे निम्म्या भागांवर.

पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा डेस्कटॉपला आपण इन्व्हर्टरवर आहोत हे कळत नाही. अशा वेळी घड्याळाजवळच्या बॉइंकच्या चिन्हावर राइट क्लिक करून स्नूझ दाबा. तासभर काम थांबतं. बिलाचं म्हणाल तर जादा ५० वॅट, रोज ८ तास धरले तर महिन्याला १२ युनिट. हा खर्च संस्थेचा, म्हणून मुख्याध्यापकांची किंवा संचालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय आम्ही हे बसवत नाही. ज्या संगणकावर लोकांचे दाखले आणि आधारची कागदपत्रं असतात, तिथे तर नाहीच.

प्रत्येक तुकडा ठरलेल्या मुदतीत परत जावा लागतो. शाळांनी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आठवडाभर कळवावं. आम्ही नवीन काम घेणं बंद करून ठेवू, म्हणजे हातातलं संपेल आणि संगणक बंद करता येईल.